बांधापलीकडचे परागकण आणि शेजाऱ्याचा हक्क

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अंबियामध्ये (आयत ७८-७९) शेतीच्या एका खटल्याचा उल्लेख आला आहे. काही लोकांच्या शेळ्या-मेंढ्या रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि त्यांनी उभे पीक फस्त केले. हा वाद ह. दाऊद (अ.) आणि त्यांचे सुपुत्र ह. सुलेमान (अ.) यांच्यासमोर आला. योग्य निवाड्याची समज अल्लाहने ह. सुलेमान (अ.) यांना दिली, पण त्याच आयतीत हेही स्पष्ट केले की विवेक आणि ज्ञान दोघांनाही प्रदान केलेले होते.

कुरआनच्या भाष्यकारांनी या निवाड्याचा तपशील सांगितला आहे. पिकाच्या नुकसानीची किंमत कळपाच्या किमतीइतकी भरली, म्हणून ह. दाऊद (अ.) यांनी कळपच शेतमालकास देण्याचा निर्णय दिला. ह. सुलेमान (अ.) यांनी वेगळा मार्ग सुचविला. कळप तात्पुरता शेतमालकाकडे राहावा. त्याने दूध व लोकर यांवर आपला निर्वाह करावा. दरम्यान कळपाच्या मालकाने त्या शेताची मशागत करून पीक पूर्वस्थितीत आणून द्यावे आणि मग प्रत्येकाने आपापली वस्तू परत घ्यावी. पहिल्या निवाड्यात भरपाई होती. दुसऱ्यात भरपाई तर होतीच, शिवाय पीक पुन्हा उभे राहत होते, कळप मालकाकडे परतत होता आणि दोन शेजाऱ्यांचे नाते तुटत नव्हते.

हजारो वर्षांपूर्वीचा हा खटला आज बीड जिल्ह्यातील शिरूर कासारच्या शिवारातही विचार करायला लावतो. फरक इतकाच की आज बांध ओलांडून जाणारा प्राणी चार पायांचा नाही. तो डोळ्यांना दिसतही नाही. तो कापसाच्या फुलातील परागकण आहे.

प्रश्न कसा उभा राहतो

बालाघाटच्या डोंगररांगेच्या उत्तरेला, सिंदफणा नदीच्या खोऱ्यात वसलेला शिरूर कासार तालुका प्रामुख्याने कोरडवाहू आहे. खरिपात कापूस, बाजरी, तूर ही येथली ओळखीची पिके. पाऊस झाला तर घरात धान्य, नाही झाला तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीची वाट. अशा ठिकाणी बियाण्याची निवड हा सुखवस्तू माणसाच्या आवडीनिवडीचा विषय नसतो. पिशवी फोडताना शेतकरी वर्षभराच्या भाकरीचा निर्णय घेत असतो.

२६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ते वाण विकसित करण्यात मराठवाड्यातीलच जालना येथे वाढलेल्या बियाणे कंपनीचा अमेरिकन कंपनीबरोबर वाटा होता. मातीत आढळणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जीवाणूचे जनुक कापसात घातले गेले, जेणेकरून बोंडअळीने पान वा बोंड खाताच ती मरावी. २००६ साली दोन जनुके असलेली पुढची पिढी आली. आज देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी कापूसच आहे.

आता अशी परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. दोन एकरांचा एक शेतकरी रासायनिक खते व फवारणी सोडून सेंद्रिय शेतीकडे वळतो. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीचा दोन-तीन वर्षांचा रूपांतरण काळ तो कमी उत्पन्नात काढतो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या मानकांत जनुकबदल केलेल्या बियाण्याला अजिबात स्थान नाही. त्याच्या चारही बांधांपलीकडे मात्र बीटीची पऱ्हाटी उभी आहे. पुढच्या पेरणीसाठी राखलेल्या सरकीची तपासणी होते आणि तीत बीटीचे जनुक आढळते. त्याने चूक केली नाही. शेजाऱ्यानेही कायद्याने मान्य असलेले बियाणेच लावले. मग हानी कोणाची आणि जबाबदारी कोणाची?

कायदेपंडितांनी या प्रश्नाकडे नुकसानभरपाईचा दावा म्हणून पाहिले आहे. आपल्याला तो 'हक्कुल इबाद' म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क या दृष्टीने पाहायचा आहे. कारण नमाज-रोजातील उणीव अल्लाह आपल्या कृपेने क्षमा करील, पण बंद्याचा हक्क बंद्याने सोडल्याशिवाय सुटत नाही, ही आपली श्रद्धा आहे.

आधी वस्तुस्थिती

परागीभवनाचा विषय आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोरही आला होता. मदीनेचे लोक नर खजुराचा फुलोरा मादी झाडावर बांधत असत. पैगंबर (स.) यांनी त्याविषयी व्यक्त केलेले मत ऐकून लोकांनी ते काम थांबविले आणि त्या वर्षी फळ कमी आले. तेव्हा आपण, अशा ऐहिक कौशल्याच्या बाबी तुम्हीच अधिक जाणता, असे सांगून त्यांना त्यांच्या अनुभवावर सोपविले. सहीह मुस्लिममधील या प्रसंगाचा बोध असा की परागकण कसा प्रवास करतो हे शेतकरी व वैज्ञानिक यांच्याकडून शिकावे आणि त्या ज्ञानाने वागावे कसे हे शरीअतकडून शिकावे. न्यायनिवाड्याला बसणाऱ्याने आधी वस्तुस्थिती जाणली पाहिजे.

कापूस हे मुख्यतः स्वपरागीभवन करणारे पीक आहे. त्याचे परागकण जड आणि चिकट असतात. बाजरी वा मक्याच्या परागाप्रमाणे ते वाऱ्यावर दूर जात नाहीत. त्यांना वाहून नेतात त्या मधमाश्या व इतर कीटक. म्हणूनच बियाणे प्रमाणीकरणाच्या भारतीय मानकांत कापसासाठी विलगीकरणाचे अंतर पायाभूत बियाण्यास ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यास ३० मीटर इतकेच ठेवले आहे. मक्यासाठी हेच अंतर शेकडो मीटरचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कापसाचा धागा हा मातृझाडाच्या पेशींतून वाढतो. शेजारच्या परागाने त्या हंगामाच्या रुईत बदल होत नाही. बदल होतो तो सरकीच्या आतील गर्भात. म्हणजे बाहेरून आलेला परागकण यंदाचा कापूस बिघडवत नाही, पुढच्या वर्षाचे बियाणे बिघडवतो. जो शेतकरी घरचे बी राखतो, त्याच्यावर हा आघात होतो. याशिवाय विकत घेतलेल्या बियाण्यातील भेसळ आणि जिनिंगमध्ये होणारी सरमिसळ हेही मोठे मार्ग आहेत. प्रत्येक दोष मधमाशीच्या वा शेजाऱ्याच्या माथी मारणे हे न्यायाला धरून नाही.

तिसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. आपल्या गावरान कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर बीटी वाण ज्या अमेरिकन जातीचे आहेत तिच्यात ५२. या फरकामुळे दोहोंचा संकर निसर्गतः सहजासहजी होत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने गावरान कापसाचे अनेक सरळ वाण विकसित केले आहेत. हे वाण कोरडवाहू जमिनीत टिकतात आणि त्यांचे बी शेतकऱ्याला स्वतः राखता येते. ज्याने माणसाच्या हातून गुंतागुंत होण्यापूर्वीच जाती-जातींत ही भिंत उभी केली, त्या निर्मात्याची ही योजना कृतज्ञतेने लक्षात घ्यावी.

शेजारी अपराधी आहे काय?

मधमाशीवर दोष येत नाही हे सांगायला नको. सूरह अन-नहलमध्ये (आयत ६८-६९) तिला तिच्या पालनकर्त्याने दिलेल्या प्रेरणेचा आणि तिच्यासाठी सुगम केलेल्या मार्गांचा उल्लेख आहे. ती आज्ञाधारक आहे. तिला सातबारा ठाऊक नाही. प्रश्न आहे तो ज्याला विवेक दिला गेला आहे त्या माणसाचा.

येथे फिकहने केलेला एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. उस्मानी काळात १८६९ ते १८७६ या वर्षांत हनफी नियमांची जी संहिता 'मजल्ला' या नावाने तयार झाली, तिच्या प्रारंभीच्या नियमांत प्रत्यक्ष हानी करणारा आणि हानीला निमित्त होणारा यांत फरक केला आहे. स्वतःच्या हाताने दुसऱ्याची वस्तू नष्ट करणारा, हेतू नसला तरी, भरपाईस बांधील असतो. केवळ निमित्त ठरलेला मनुष्य मात्र त्याच्याकडून मर्यादाभंग झाला असेल तरच बांधील होतो. बीटी लावणारा शेजारी निमित्त आहे. त्याने परवानगी असलेले बी आपल्या जमिनीत लावले. त्याच्यामागेही कर्ज आहे, त्याच्याही घरी लेकरे आहेत. त्याला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल.

याच संहितेत आणखी एक नियम आहे, जो सेंद्रिय शेतकऱ्याला कठोर वाटेल. एखादा मनुष्य आपल्या मालमत्तेचा वैध वापर करीत असताना दुसरा नंतर येऊन शेजारी काही उभारील आणि त्याला त्या जुन्या वापराचा त्रास होईल, तर त्या त्रासाचे निवारण नंतर येणाऱ्यानेच करायचे आहे. बीटीच्या शिवारात सेंद्रिय शेतकरी हा नंतर आलेला आहे, असे म्हणता येईल.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील न्यायालयांचा कल याच दिशेने गेला. कोजोनअप येथील स्टीव्ह मार्श यांच्या सेंद्रिय शेतात २०१० च्या अखेरीस शेजारी मायकेल बॅक्स्टर यांच्या जनुकबदल केलेल्या कॅनोला पिकाचे कापलेले झुपके बियांसह वाऱ्याने उडून आले. मार्श यांच्या सुमारे ७० टक्के जमिनीचे सेंद्रिय प्रमाणपत्र गेले. २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला, २०१५ मध्ये अपिलातही बहुमताने तोच निर्णय राहिला आणि २०१६ मध्ये देशाच्या उच्चतम न्यायपीठाने पुढील सुनावणीस अनुमती नाकारली. शेजाऱ्याने कायदेशीर पीक नेहमीच्या पद्धतीने घेतले होते, हा निर्णयाचा गाभा होता.

कायदा येथे थांबतो. मोमिनाने येथे थांबावे काय? पैगंबर (स.) यांच्या एका प्रसंगातून याचे उत्तर मिळते. ह. समुरा बिन जुंदुब (रजि.) यांची खजुराची झाडे एका अन्सारी सोबत्याच्या बागेत होती. त्यांच्या ये-जा करण्याने बागमालकाच्या कुटुंबाला त्रास होई. पैगंबर (स.) यांनी प्रथम ती विकण्यास सुचविले, मग दुसरीकडील झाडांशी अदलाबदल सुचविली, मग परलोकीच्या मोबदल्यावर दान देण्यास सांगितले. प्रत्येक सूचना नाकारली गेली, तेव्हा आपण झाडे उपटण्याची मुभा दिली. अबू दाऊद यांच्या संग्रहातील या कथनाच्या सनदीविषयी हदीसशास्त्रज्ञांनी चर्चा केली आहे. परंतु त्याचा आशय, कोणी कोणास हानी पोहोचवू नये व हानीच्या बदल्यात हानी करू नये, या सर्वमान्य तत्त्वाशी जुळणारा आहे. लक्षात घ्या, झाडांची मालकी हा दोष नव्हता. सोपा पर्याय समोर असताना तो नाकारणे, तेथून दोष सुरू झाला.

म्हणून न्याय्य उत्तर असे वाटते: शेजाऱ्याचा दोष बीटी लावण्यापासून सुरू होत नाही. बांधापलीकडच्या भावाने आपली अडचण सांगितली, स्वतःला फारसा तोटा न होणारा मार्ग दाखविला आणि तरीही "माझे रान, माझी मर्जी" असे उत्तर त्याला मिळाले, तेथून तो सुरू होतो.

हरीम : सीमेचेही काही देणे असते

विहिरीभोवती काही जागा मोकळी ठेवावी, तेथे दुसऱ्याने दुसरी विहीर खोदू नये, असा इस्लामी शरीअतचा जुना नियम आहे. या संरक्षित जागेस 'हरीम' म्हणतात. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी चाळीस हातांचे हरीम हदीसमध्ये आले आहे. मालकी रेषेवर संपते, परंतु परिणाम रेषेवर संपत नाही, हे सत्य या नियमाने मान्य केले. बीजशास्त्रज्ञांचे ३० मीटरचे विलगीकरण अंतर म्हणजे आजच्या भाषेतील हरीमच होय.

प्रश्न हा की हरीम कोणाच्या जमिनीतून काढायचे? प्रचलित प्रमाणन पद्धतीत स्वतःचे पीक वाचविण्याचा भार सेंद्रिय शेतकऱ्यावरच असतो. हिशेब मांडून पाहू. दोन एकर जमीन चौरस धरली तर तिची प्रत्येक बाजू सुमारे ९० मीटर येते. चारही बाजूंनी ३० मीटर सोडले, तर मध्ये ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तुकडा उरतो, म्हणजे ८० गुंठ्यांपैकी जेमतेम ९ गुंठे. सोडलेल्या पट्ट्यात तूर, बाजरी घेता येते हे खरे. पण शुद्ध बी राखण्यासाठी कापूस मात्र या ९ गुंठ्यांतच. वीस-पंचवीस एकरवाल्यास जे अंतर सहज परवडते, ते अल्पभूधारकाचे शेतच गिळून टाकते. नियम सर्वांना सारखा, पण भार सारखा नाही.

या भाराची वाटणी कशी करावी याचेही मार्गदर्शन आहे. ह. बरा बिन आजिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. तेव्हा पैगंबर (स.) यांनी निर्णय दिला की दिवसा बागमालकांनी आपल्या बागांची राखण करावी आणि रात्री जनावरांच्या मालकांनी आपल्या जनावरांची. सगळा भार एकावर टाकला नाही. ज्या वेळी जो सहज राखण करू शकतो, त्या वेळी त्याने ती करावी. हीच वाटणी बांधावरही शक्य आहे. सेंद्रिय शेतकऱ्याने आपल्या बाजूस तुरीच्या वा बाजरीच्या दाट ओळी लावाव्यात. बीटी लावणाऱ्याने बांधालगतच्या काही ओळी बिगर-बीटी वा दुसऱ्या पिकाच्या ठेवाव्यात. पंधरा मीटर याचे, पंधरा मीटर त्याचे. आणि ही गोष्ट शेजाऱ्यावर उपकार म्हणून नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या हिताचीही आहे.

पाच ओळींचा धडा

ती हिताची कशी, हे आपण महाग किंमत देऊन शिकलो आहोत. २००२ च्या परवानगीतच अट होती की बीटी कापसाभोवती बिगर-बीटी कापसाच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तितका आश्रय-पट्टा लावावा. त्यासाठी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी दिले जाई. उद्देश असा की त्या ओळींवर काही साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संयोग होत राहावा आणि बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांची पिढी पसरू नये.

किती जणांनी त्या ओळी लावल्या? बहुसंख्य ठिकाणी ते छोटे पाकीट बांधावरच टाकून दिले गेले. प्रत्येकाने विचार केला, माझ्या एकट्याच्या पाच ओळींनी काय होणार? २०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटीचीच बोंडे पोखरली, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. ओळी न लावणे हे या संकटाचे एकमेव कारण नव्हते. लांबलेला हंगाम आणि अनेक वाणांची गर्दी यांचाही वाटा होता. तरी सामाईक हितासाठी मागितलेला लहानसा त्याग नाकारल्याचा हा परिणाम होता, हे विसरता येत नाही.

सहीह बुखारीत पैगंबर (स.) यांनी दिलेले जहाजाचे उदाहरण आहे. खालच्या मजल्यावरील लोक वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच भागात भोक पाडून पाणी घेऊ पाहतात. त्यांना मोकळे सोडले तर सगळेच बुडतील; त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता आणि जागाही त्यांच्याच वाट्याची होती. शिवार हे असेच जहाज आहे. किडीला आणि परागाला गट नंबर कळत नाही.

लाभ कोणाचा, भार कोणावर?

येथवर आपण दोन शेतकऱ्यांविषयी बोललो. परंतु प्रकरण तेथेच मिटविणे म्हणजे दोन दुबळ्यांना आपसांत झुंजवून बलवानाला मोकळे सोडणे होय. दोन माणसांचा विचार केला तर सेंद्रिय शेतकरी नंतर आलेला दिसतो, हे खरे. दोन बियाण्यांचा विचार केला तर मात्र उलट दिसते. गावरान कापूस या मातीत शतकानुशतके होता. नवे बी २००२ नंतर आले. ते ज्यांनी आणले, विकले आणि ज्यांनी त्यास मान्यता दिली, त्यांच्याकडून गावरान व बिगर-बीटी बियाण्याच्या जपणुकीची हमी कोणी घेतली?

फिकहचे एक प्रसिद्ध सूत्र असे की ज्याचा नफा, त्याचीच तोशीस. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे ज्याला लाभ होतो, त्याने त्या बियाण्याच्या पसरण्याचा खर्चही उचलावा. जनुक चाचणीचा खर्च, शुद्ध बिगर-बीटी बियाण्याचा पुरवठा, निर्दोष शेतकऱ्याचे प्रमाणपत्र गेल्यास त्याला आधार, हे सर्व दोन एकरवाल्याच्या खिशातून का जावे? आपल्या देशाच्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा व अदलाबदलीचा शेतकऱ्याचा अधिकार मान्य केला आहे. पण राखायचे बीच शुद्ध उरले नाही, तर तो अधिकार कागदावर राहील.

शासनाने हे करणे अशक्य नाही, याला इतिहास साक्षी आहे. इंग्रजी अमदानीत १९२३ चा कापूस वाहतूक कायदा झाला. चांगल्या लांब धाग्याच्या पट्ट्यात हलक्या कापसाची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रांतिक सरकारांना संरक्षित क्षेत्रे ठरवून तेथे बाहेरचा कापूस आणण्यास बंदी घालण्याचा अधिकार मिळाला. गिरण्यांच्या हितासाठी जे करता आले, ते गरीब शेतकऱ्याच्या हितासाठी का करता येऊ नये?

हाच प्रश्न उद्या अधिक तीव्रतेने समोर येणार आहे. जनुकबदल केलेल्या वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. मोहरीच्या डीएमएच-११ या संकरित वाणास २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी दिली गेली आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परभिन्न निर्णय दिले. कापसात निदान धागा सुरक्षित राहतो. अन्नपिकांत परागकण ज्या दाण्याला स्पर्श करतो, तोच दाणा ताटात येतो.

हराम-हलालचा उतावळा निवाडा नको

काही बंधू सूरह अन-निसामधील (आयत ११९) अल्लाहच्या रचनेत फेरफार करविण्याच्या सैतानी प्रतिज्ञेचा आधार घेऊन जनुकबदलाचे प्रत्येक पीक हराम ठरवितात. हा विषय विद्वानांच्या विचाराधीन आहे आणि त्यांत मतभेद आहेत. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१३ मध्ये दिलेल्या फतव्यात जनुकीय अभियांत्रिकीला सशर्त मुभा दिली: तिचा लाभ असावा, तिच्यापासून धोका नसावा आणि हराम घटक वापरलेले नसावेत. ज्या गोष्टीस अल्लाहने व पैगंबरांनी स्पष्टपणे हराम म्हटले नाही, तिला आपल्या आवडीनुसार हराम म्हणणे हेही मर्यादा ओलांडणेच आहे. शिवाय असा फतवा देऊन आपण आपल्याच गरीब भावाच्या कष्टाच्या कमाईवर डाग लावतो. आपला प्रश्न बीटी पाक की नापाक हा नाही. एकाच्या निवडीमुळे दुसऱ्याची निवड संपू नये, हा आहे.

सेंद्रिय शेतकऱ्याची अमानत

न्यायाची मागणी करणाऱ्याने स्वतःचा तराजूही सरळ धरावा. पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला होता. पाऊस त्याने पाडला नव्हता. ओल ही त्याची चूक नव्हती. तरी ती ओल वर ठेवून लोकांना दिसू दिली नाही, ही त्याची चूक होती आणि त्यावर पैगंबर (स.) यांनी फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे कठोर शब्दांत सांगितले.

परागकण हा त्या पावसासारखा आहे. तो शेतात आला यात सेंद्रिय शेतकऱ्याचा दोष नाही. परंतु तो आल्याचे कळूनही सरकी शुद्ध म्हणून विकणे हा दोष आहे. २०२० साली भारतातील सुमारे २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखविला गेल्याचे एका आंतरराष्ट्रीय प्रमाणन संस्थेने उघड केले. त्या खोट्या कागदांची किंमत शेवटी प्रामाणिक शेतकऱ्याच्या मालाला पडली, कारण ग्राहकाचा विश्वास एकदा उडाला की तो खरे-खोटे वेगळे करीत बसत नाही.

त्याचबरोबर, टाळता न येणाऱ्या व सर्वत्र पसरलेल्या गोष्टीबाबत शरीअत सवलतीचा विचार करते. प्रामाणिक काळजी घेऊनही अत्यल्प अंश आला, तर प्रमाणन करणाऱ्यांनी त्या शेतकऱ्याला लबाडासारखे वागवू नये. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला भाव, अशी व्यवस्था लोकांना खोटे बोलायला शिकविते.

काय करता येईल?

मोठ्या सुधारणांची वाट पाहत बसण्यापेक्षा शिरूर कासारसारख्या ठिकाणी या पावसाळ्यापूर्वीच काही गोष्टी करता येतील. रोहिणी नक्षत्रात, सरकी लावण्याआधी, बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसावे. जुमाच्या नमाजनंतर मस्जिदीच्या ओट्यावर बसावे, नाहीतर गावच्या पारावर. मराठा, वंजारी, दलित, मुस्लिम, ज्याचा बांध तो शेजारी. कोण काय लावणार हे एकमेकांस सांगावे. ज्याला सेंद्रिय कापूस घ्यायचा आहे त्याने शक्यतो गावरान वाण निवडावा, म्हणजे शेजाऱ्यावर भारच पडणार नाही. दोन-चार सेंद्रिय शेतकऱ्यांनी आपली रानेे लगत असतील तर कापूस एकाच पट्ट्यात घ्यावा. बी राखायचे ते रानाच्या मधल्या भागातील बोंडांचे राखावे, बांधालगतच्या ओळींचे नव्हे. पेरणीच्या वेळा पुढेमागे करून फुलोरा एकाच वेळी येणार नाही हे पाहता येते. जिनिंगला माल नेताना आपली सरकी वेगळी निघेल याची खात्री करावी.

आपल्या संस्था, बैतुलमाल आणि शिक्षित तरुण यांनीही यात भाग घ्यावा. दोन एकरवाल्यासाठी एक जनुक चाचणी महाग असते, दहा जणांनी मिळून केली तर परवडते. गावरान बियाण्याची सामाईक पेढी चालविणे हे सदका-ए-जारियाचे काम आहे. मुस्लिमाने लावलेल्या रोपट्यातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने जे खाल्ले ते त्याच्यासाठी दान ठरते, ही शुभवार्ता बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. मग ज्याने ते रोपटे पुढच्या पिढीसाठी शुद्ध राखले, त्याचा मोबदला किती असेल!

ह. जिब्रील (अ.) शेजाऱ्याच्या हक्काविषयी इतकी वारंवार ताकीद देत राहिले की शेजाऱ्याला वारसाहक्कातही वाटा मिळेल की काय असे पैगंबर (स.) यांना वाटू लागले. आपण शेजारी म्हटले की घराची भिंत आठवतो. शेतकऱ्याचा शेजारी बांधावर असतो. दिवसाचे बारा तास तो तेथेच भेटतो, पाण्याची बारी आणि बैलाची जोडी त्याच्याशीच वाटून घेतो. आता फुलोऱ्याचाही हिशेब त्याच्याशी वाटून घ्यावा लागणार आहे.

ह. सुलेमान (अ.) यांच्या निवाड्यात कोणी शेत सोडून गेले नाही आणि कोणाचा कळप कायमचा गेला नाही. पीक पुन्हा उभे राहिले आणि दोघे शेजारी राहिले. आपल्या शिवारातील प्रत्येक तंट्याचा शेवट असाच व्हावा. सर्वश्रेष्ठ अल्लाह आपणा सर्वांना हक्क मागण्याइतकेच हक्क देण्याचे बळ देवो आणि आपल्या हातून त्याच्या जमिनीत बिघाड होण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.